सरकार म्हणजे राज्यसंस्था नव्हे

मराठीत ‘सरकार’ या शब्दाइतका ऐसपैस शब्द क्वचितच असेल. तलाठ्याच्या शिक्क्यापासून मंत्र्याच्या आदेशापर्यंत सारे ‘सरकारी’. आणि अडल्यानडल्याने हात जोडावयाचे तेही ‘मायबाप सरकार’लाच! ‘राज्य’ या शब्दाची गत निराळी नाही. महाराष्ट्र हे राज्य, शिवछत्रपतींचे तेही राज्य, आणि अमुक पक्षाचे ‘राज्य आले’ असेही आपण सहज बोलून जातो. राज्यशास्त्राची पहिली पायरी चढणाऱ्याला म्हणूनच एका शब्दाखाली दडलेल्या निरनिराळ्या कल्पना प्रथम वेगळ्या कराव्या लागतात. हे काम केवळ परीक्षेपुरते आहे, असे मात्र कोणी समजू नये.

राज्यसंस्थेचे घटक चार: लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, शासन आणि सार्वभौमत्व. म्हणजे शासन, ज्याला आपण सरकार म्हणतो, ते या चारांपैकी केवळ एक. राज्यसंस्थेच्या वतीने कारभार पाहणारे ते मुखत्यार होय, मालक नव्हे. 17 एप्रिल 1999 रोजी केंद्रातील वाजपेयी सरकार लोकसभेत एका मताने पराभूत झाले. सरकार कोसळले, पण न्यायालये चालू राहिली, सीमेवरील पहारे उठले नाहीत, चलनी नोटेचे मोल गेले नाही. जे पडले ते शासन. जे उभे राहिले ती राज्यसंस्था.

राष्ट्र ही कल्पना याहून वेगळी. आपण एक आहोत या भावनेवर ते उभे असते. 1795 साली पोलंडचे राज्य शेजाऱ्यांनी वाटून घेतले. ते 1918 मध्ये पुन्हा उभे राहीपर्यंत पोलिश राष्ट्र आपली भाषा आणि स्मृती यांच्या बळावर तगून होते. राज्य नष्ट झाले तरी राष्ट्र जगू शकते, ते असे.

मग राज्यसंस्थेचे वेगळेपण कशात? बळाचा अधिमान्य वापर करण्याची मक्तेदारी सांगते ती राज्यसंस्था, असे उत्तर जर्मन विचारवंत मॅक्स वेबर यांनी 1919 मध्ये दिले. यातील ‘अधिमान्य’ हा शब्द महत्त्वाचा. दरोडेखोराच्या हाती काठी असते आणि पोलिसाच्याही. परंतु पोलिसाच्या काठीमागे कायदा असावा लागतो. तो नसेल, तर गणवेशाने फारसा फरक पडत नाही.

हा विवेक महाराष्ट्राला नवा नाही. 1897 सालच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी सरकारविषयी प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती, असा अर्थ लावला आणि लोकमान्य टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पुढे 1916 मध्ये बेळगाव येथील स्वराज्यावरील भाषणात टिळकांनी वेदान्ताचाच दृष्टान्त दिला. परब्रह्म निर्गुण आणि अविकारी. मायेने धारण केलेले रूप मात्र पालटणारे. त्याचप्रमाणे अदृश्य सरकार कायम राहते, डोळ्यांना दिसणारे सरकार बदलू शकते. आणि बदल मागावयाचा तो या दुसऱ्यातच. या भाषणांबद्दल पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका मागितला. बॅरिस्टर जिना यांनी टिळकांची बाजू मांडली, आणि भाषणांचा समग्र आशय ध्यानी घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला.

स्वातंत्र्यानंतर 1962 मध्ये केदारनाथ सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद अधोरेखित केला. कायद्याने प्रस्थापित सरकार आणि तूर्त कारभार पाहणाऱ्या व्यक्ती या दोन वेगळ्या गोष्टी होत. हिंसेला वा अव्यवस्थेला चिथावणी नसेल, तर टीका कितीही कठोर असली तरी तो राजद्रोह नव्हे. तरीही आणीबाणीच्या काळात ‘इंदिरा म्हणजे भारत’ असे समीकरण सत्तारूढ पक्षाच्या अध्यक्षांनीच मांडले. व्यक्ती म्हणजे सरकार, सरकार म्हणजे राज्य आणि राज्य म्हणजे राष्ट्र, ही साखळी एकदा जुळली की विरोधकाला राष्ट्रद्रोही ठरविण्यास वेगळ्या पुराव्याची गरज उरत नाही. 1977 मध्ये मतदारांनी ते सरकार घालविले. भारत जागच्या जागी राहिला.

1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता आणि तिच्यातील राजद्रोहाचे कलम 124-अ इतिहासजमा झाले. नव्या भारतीय न्याय संहितेचे कलम 152 सरकारविषयीच्या अप्रीतीची नव्हे, तर देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता यांची भाषा बोलते. शब्द बदलले, हे स्वागतार्हच. पण ‘विघातक कारवाया’ यांसारखे सैल शब्द त्यात आहेत, आणि सैल शब्दांचा अर्थ लावण्याचा पहिला मान ठाण्यातील अंमलदाराचा असतो. सरकार आणि राज्यसंस्था यांतील भेद त्याला उमगलेला नसेल, तर कलमाचा क्रमांक बदलून काय साधणार?

सरकारे राज्यसंस्थेच्या नावाने बोलतात. तो त्यांचा अधिकारच आहे. मात्र ते बोलणे ऐकताना, हे राज्यसंस्थेचे हित की सरकारची सोय, एवढा प्रश्न ज्याला विचारता येतो, त्याने राज्यशास्त्राचा पहिला धडा गिरविला, असे खुशाल समजावे.