‘अब्रू’ या शब्दाआड

किन्हीराजाहून वाशीमला जाऊन पुढे दक्षिणेकडे निघाले की पैनगंगा ओलांडून आपण हिंगोलीच्या मुलखात शिरतो. १९४८ साली ही नदी म्हणजे हद्द होती. अलीकडे स्वतंत्र भारतातले वऱ्हाड, पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. रझाकारांच्या जाचाने पलीकडची कितीतरी कुटुंबे घरदार टाकून भारताच्या हद्दीत आली. ‘रझाकारी’ हा शब्द त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे.

कासीम रझवीच्या रझाकारांनी खून केले, गावे जाळली, स्त्रियांवर अत्याचार केले. दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, भाषणांतून ‘आयाबहिणींची अब्रू लुटली’ हे वाक्य हमखास ऐकू येते. पण या वाक्यात ती बाई कुठे आहे? लुटली जाते ती अब्रू, आणि अब्रू मानली जाते घराची, गावाची, जातीची. गुन्हा दुसऱ्याचा असूनही ‘गेली’ ती हिची. मग घरच्यांना ती गोष्ट झाकावीशी वाटली, यात नवल ते काय? मुक्तिसंग्रामात लढलेल्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या स्त्रियांची नावे निदान आपण घेतो. जिने सोसले तिची हकीकत मात्र तिच्या शब्दांत क्वचितच सापडते.

ही झाली अर्धी बाजू. उरलेल्या अर्ध्या बाजूला भाषणात एवढेही वाक्य मिळत नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १७ तारखेला निजाम शरण आला. या ‘पोलीस ॲक्शन’नंतर अनेक भागांत मुसलमान वस्तीवर सूड उगवला गेला. चौकशीसाठी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री हे तिघे नोव्हेंबरच्या अखेरीस हैदराबादला आले. संस्थानच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत ते फिरले, पाचशेहून अधिक लोकांशी बोलले. २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ बसली. रझाकारांचे आधीचे अत्याचार त्यांनी लपवले नाहीत, आणि शेजारी मुसलमानांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद केली. बलात्कार झाले, बायका पळवल्या गेल्या आणि काहींना सोलापूर-नागपूरपर्यंत नेले, असेही अहवालात आहे. नागपूर तर आपलेच! हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात अभ्यासकांना पाहायला मिळू लागला २०१३ साली, म्हणजे ६५ वर्षांनी.

मेलेल्यांच्या आकड्यावर आज निदान वाद तरी होतो. त्या बायकांबद्दल तोही होत नाही. एका बाजूने सरकारी कपाटाने तोंड मिटले, दुसऱ्या बाजूने घराच्या उंबरठ्याने. आणि मला विचाराल तर उंबरठ्याचे कुलूप अधिक जड आहे.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. जपानी सैन्याने दुसऱ्या महायुद्धात कोरियातल्या मुलींना सैनिकांच्या उपभोगासाठी डांबले. त्यांपैकी किम हाक-सुन ही वृद्ध स्त्री १९९१ साली स्वतःच्या नावानिशी जाहीरपणे बोलली, तेव्हा इतर जणींना बळ आले. जपान सरकारने १९९३ मध्ये सक्ती झाल्याचे मान्य केले, तरी २००७ साली तिथल्या पंतप्रधानांनी सक्तीचा पुरावाच नाही असे म्हटले. बांगलादेशाने १९७१ च्या युद्धातील अशा स्त्रियांना ‘बीरांगना’ म्हटले खरे. पण किताबाने सासर-माहेरची दारे उघडली नाहीत. त्यांच्यापैकी काहींना मुक्तियोद्ध्यांचा दर्जा मिळायला २०१५ साल उजाडले.

कुणी म्हणेल, नावे उकरून कशाला काढायची? नावे नकोतच; पीडितेचे नाव छापू नये असा आपला कायदाही आहे. पण तिने स्वतःहून नाव झाकणे वेगळे आणि तिची हकीकतच इतरांनी पुसून टाकणे वेगळे. १९४८ साली पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदी ओलांडलेली असेल. नदीच्या दोन्ही तीरांवर अशा म्हाताऱ्या आता मोजक्याच उरल्या असतील.