मांजरं आधी आजारी पडली

"मासे चांगले धुतले, उकळले की त्यातलं विष जातं ना, ताई?" वस्तीतल्या बायका आम्हाला विचारतात. जंतू मरतात, पारा जात नाही. जपानमधल्या मिनामाताची गोष्ट ऐका.

तिथे चिस्सो कंपनी पारा असलेलं सांडपाणी समुद्रात सोडायची. तो पारा बारीक जीवांत गेला, त्यांना खाणाऱ्या लहान माशांत साठला, मोठ्या माशांत आणखी वाढला. आधी मासे खाणारी मांजरं झटके येऊन मेली. मग कोळ्यांच्या घरांत हातपाय बधिर होऊ लागले, बोलणं अडखळू लागलं. १ मे १९५६ला आजाराची अधिकृत नोंद झाली. संसर्ग समजून लोकांनी त्या घरांना वाळीत टाकलं.

१९५९मध्ये कंपनीच्याच दवाखान्यातल्या डॉ. होसोकावांनी मांजराला सांडपाणी मिसळलेलं अन्न दिलं. तेही आजारी पडलं. कंपनीने ते दडवलं. सरकारने कारण मान्य केलं १९६८मध्ये!

बाळाला वार वाचवते, असं तेव्हा डॉक्टर मानत. पण पारा वारेतून गेला. आई धडधाकट दिसे आणि बाळाच्या मेंदूला जन्मापासून इजा.

म्हणून गरोदर बहिणींनो, मासे सोडू नका. बांगडा, तारली, मांदेली खा. मुशीसारखे मोठे शिकारी मासे टाळा. कारखान्याच्या नाल्यातले मासे कुणीच खाऊ नका. मासे एकदम मेलेले दिसले, तर तारीख, जागा लिहा, फोटो काढा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. मिनामाताच्या मांजरांकडे वेळीच कुणी लक्ष दिलं नाही; आपण देऊ.