मोटरीची पेटी आणि बूलचं सूत्र

लॉजिक सर्किटचं सूत्र मांडणं हे कॉम्प्युटरच्या चिपचं काम, असं कोल्हापुरात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या पुष्कळ पोरांना वाटतं. क्लॉड शॅनन यांनी १९३७ साली एमआयटीत प्रबंध लिहिला तेव्हा चिप सोडाच, ट्रान्झिस्टरही नव्हता. प्रबंध होता रिले आणि स्विचांवर. जॉर्ज बूल यांचं तर्काचं बीजगणित त्या तारांना तंतोतंत लागू पडतं, हे शॅनन यांनी दाखवलं. त्याच जातीचा रिले आज पंचगंगेकाठी उसाला पाणी देणाऱ्या मोटरीच्या स्टार्टरमध्ये बसलेला असतो.

त्या पेटीचंच सूत्र मांडू. समांतर जोडणी म्हणजे ‘किंवा’, तिला + हे चिन्ह. एकापुढे एक जोडणी म्हणजे ‘आणि’, तिला · हे चिन्ह. ही + शाळेतली बेरीज नव्हे; इथे १ + १ = १. हिरवं बटण दाबलेलं असेल तर ह = १. लाल दाबलेलं नसेल तर ल = १. मोटरीवर जादा भार आला की सर्किट तोडणारा ओव्हरलोड ट्रिप झालेला नसेल तर ओ = १. कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरीला वीज जोडणारा रिले, ओढलेला असेल तर म = १. हिरव्या बटणाला समांतर कॉन्टॅक्टरचाच एक होल्डिंग कॉन्टॅक्ट असतो, म्हणून बोट काढलं तरी मोटर चालू राहते. सूत्र निघतं:

म = (ह + म) · ल · ओ

सर्किट हाती आलं की सूत्र आपोआप निघतं आणि ते सगळं सांगतं, हा समज इथे अडतो. हिरवं सुटलंय, लाल दाबलेलं नाही, ओव्हरलोड ठीक आहे. किमती घाला. उरतं म = म. बंद मोटरीला ते खरं, चालू मोटरीलाही खरं! मोटर चालू आहे का, याचं उत्तर आत्ताच्या बटणांत नाहीच. मघाशी काय घडलं त्यात आहे. म्हणून उजवीकडचा म ‘आधीचा’ आणि डावीकडचा ‘नंतरचा’ असं वेगळं लिहावं लागतं. लाईट गेली की आधीचा म शून्य होतो. मग लाईट परत आली तरी मोटर आपोआप लागत नाही. रात्री कुणीतरी शेतात जाऊन हिरवं दाबायचं, नाहीतर मोटर आपोआप लावणारा ऑटो स्विच बसवायचा. शेतकऱ्याला हे अनुभवाने पक्कं ठाऊक आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पीएलसीवर, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल कंट्रोलरवर, काम करणाऱ्यालाही हे टाळता येत नाही, कारण पीएलसी दर फेरीला आधी इनपुट वाचतो, मग लॅडर, म्हणजे शिडीसारखा ओळींत लिहिलेला प्रोग्रॅम, वरून खाली सोडवतो. कुठली ओळ आधी, याने निकाल बदलू शकतो.

याहून घातक समज म्हणजे सूत्र सारखं तर सर्किटही सारखं. लाल बटण दोन प्रकारे जोडता येतं. एकात ते एरवी जोडलेलं असतं आणि दाबल्यावर तुटतं. दुसऱ्यात ते एरवी उघडं असतं आणि दाबल्याचा संकेत पुढे उलटा करून घेतात. सूत्र दोन्हींचं एकच. पण उंदराने बटणाची तार कुरतडली, तर पहिल्यात मोटर थांबते आणि दुसऱ्यात लाल बटण कितीही दाबलं तरी थांबत नाही. सूत्रात तार तुटण्याला अक्षरच नाही! स्टॉपचं बटण पहिल्या प्रकारचंच असावं, यावर तडजोड नको.

आता सूत्राच्या आकाराकडे. जिन्यातला दिवा खालून-वरून लावायचा तर सूत्र (अ · ब′) + (अ′ · ब). डोक्यावरची खूण म्हणजे नकार. या सूत्राच्या गेटला एक्स-ऑर म्हणतात. हाच दिवा वीस जागांहून लावायचा ठरवला, तर एकोणीस एक्स-ऑर गेटांची साखळी पुरते. मात्र तेच ‘किंवा’च्या कंसांना ‘आणि’ने जोडून सरळ लिहायला गेलं, तर ५,२४,२८८ कंस लागतात. रूपांतर केलं की सूत्र असं फुगणारच, असं मानून अनेकजण इथे हात टेकतात. ग्रिगोरी त्सेयतिन यांनी १९६८ साली वाट दाखवली: प्रत्येक गेटच्या आउटपुटला नवं अक्षर द्या आणि त्या गेटपुरतेच कंस लिहा. एक्स-ऑरला चार कंस पुरतात. एकोणीस गेटांचे शहात्तर, आणि दिवा लागलाच पाहिजे असं सांगणारा एक, मिळून सत्त्याहत्तर.

हे सूत्र मूळ सूत्राशी समान असतं, असं मात्र म्हणू नये. त्यात नवी अक्षरं आलेली असतात. टिकतं ते एवढंच: मूळ सूत्र खरं करणारी एखादी मांडणी असेल, तर नव्यालाही असते; नसेल, तर नव्यालाही नसते. तपासणीला तेवढं पुरतं. दोन सर्किटांची आउटपुटं एक्स-ऑरला जोडा आणि विचारा, कधीतरी १ येतो का? कधीच येत नसेल, तर दोन्हींचं वागणं एकच. प्रश्न लहान लिहिला म्हणून सोपा होत नाही, हेही खरं. स्टीफन कुक यांनी १९७१ साली दाखवलं की असा प्रश्न सर्वसाधारणपणे अवघड प्रश्नांच्या एका मोठ्या कुळाचा प्रतिनिधी आहे.

कंसाची असमानता करणं हे आणखी एक रूपांतर. (अ + ब′) चं होतं अ + (१ − ब) ≥ १, आणि इथली + खरीखुरी बेरीज. मग वाटतं, नरेंद्र करमरकर यांनी १९८४ साली रेषीय प्रोग्रॅमिंगसाठी दिलेली वेगवान पद्धत लावली की काम झालं. पण ती पद्धत अपूर्णांक चालवून घेते. प्रत्येक अक्षराला अर्धा दिला, तर दोन किंवा अधिक अक्षरांचा कुठलाही कंस पुरा होतो. अर्धं दाबलेलं बटण पेटीत नसतं, त्यामुळे किमती ० किंवा १ च असाव्यात ही अट वेगळी घालावी लागते, आणि सगळी अडचण त्या एका अटीत आहे.