अंजिराचे पान काय सांगते?

उमरीच्या परिसरात ज्यांना शेत नाही त्यांच्याही दारात हातभर जागा असते. तिथे शेवगा, पेरू, लिंबू यांच्या जोडीला आता अंजिराचे रोप दिसू लागले आहे. अंजीर मराठवाड्याला परके नाही. दौलताबादचे अंजीर पूर्वीपासून नावाजलेले. त्यातूनच परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘दिनकर’ ही जात निवडली. वड, उंबर आणि विहारापुढचा पिंपळ ही याच कुळातली झाडे. मुलांच्या तोंडी घरचे ताजे फळ पडावे, एवढ्यासाठी तरी हे झाड जगवले पाहिजे.

पण वर्ष-दोन वर्षांच्या रोपाचे पान बिघडले की घरात दोन सल्ले येतात. कोणी म्हणते, नजर लागली, लिंबू-मिरची बांधा. कोणी म्हणते, कपाशीचे उरलेले औषध मारा. पहिल्याने काही होत नाही. दुसऱ्याने जिवावर बेतते. बंधू-भगिनींनो, झाडाच्या दुखण्याला कारण असते आणि ते बहुधा पानावरच दिसते. म्हणून आधी पान उलटून पाहावे.

तांबेरा

अंजिराचा हा सर्वांत मोठा रोग. पुरंदर तालुक्यातील ज्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या बागांनाही तो सोडत नाही. पावसाळ्यात व त्यानंतरच्या दमट हवेत पानाच्या वरच्या बाजूला पिवळसर ठिपके येतात. खालून बोट फिरवले तर विटकरी भुकटी लागते. ही बुरशी आहे. पाने वाळून गळतात आणि झाड उघडे पडते.

रोगट पाने तोडावीत, खाली पडलेलीही वेचावीत आणि जाळावीत. पाणी बुंध्याशी द्यावे, पानांवर ओतू नये. तरीही रोग वाढला तर बोर्डो मिश्रण घरी करता येते. १० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात कालवावा. भांडी प्लास्टिकची घ्यावीत, ती पुन्हा स्वयंपाकात आणू नयेत. दोन्ही पाणी एकदम तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळावे. त्यात स्वच्छ लोखंडी सुरी क्षणभर बुडवावी. सुरीवर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घालावी. गाळून त्याच दिवशी, ऊन नसताना, पानांच्या खालून-वरून फवारावे. झाडावर फळ पिकत असेल तर फवारू नये. मोरचूद विषारी आहे, ते मुलांच्या हाती लागू देऊ नये.

पिवळे पान

पिवळेपणाचे दोन प्रकार आहेत. खालची जुनी पाने पिवळी पडून मान टाकत असतील आणि माती ओली असेल, तर मुळाशी पाणी साचले आहे. आपल्या काळ्या जमिनीत हे फार घडते. तेव्हा पाणी थांबवावे, बुंध्याशी मातीचा उंचवटा करावा आणि पाणी निघून जायला चर काढावा. दोन बोटे खोल माती कोरडी लागली तरच पुन्हा पाणी द्यावे.

याउलट शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्या, तर लोहाची उणीव समजावी. चुनखडीच्या जमिनीत ती होते. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस घालून पानांवर फवारावे आणि मुळाशी कुजलेले शेणखत द्यावे.

कडक उन्हाळ्यात पानाच्या कडा करपतात, त्याला उष्ण वारा किंवा बोअरचे खारे पाणी कारण असते. आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. हिवाळ्यात पाने झडली तर घाबरू नये. फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे.

किडी

पानाखाली बारीक जाळी आणि वर फिकट टिपके दिसले तर लाल कोळी. कापसासारखा पांढरा पुंजका आणि मुंग्यांची रांग दिसली तर पिठ्या ढेकूण. दोन्हींवर आधी पाण्याचा जोराचा फवारा मारावा. मग ५० ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण मिसळून फवारावी. हिरव्या-पिवळ्या नक्षीची वेडीवाकडी पाने मात्र विषाणूची असतात. त्याला औषध नाही, आणि अशा झाडाची फांदी लावायला कोणाला देऊ नये.

एवढे टाळावे

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजुरांचा बळी गेला. त्यांतले किती तरी दुसऱ्याच्या शेतात रोजाने राबणारे होते. ते विष अंगणात आणायचे आणि त्याच झाडाचे फळ लेकरांना द्यायचे, हे कोणत्या शहाणपणात बसते? उरलेल्या औषधाची बाटली दारातल्या झाडासाठी कधीही उघडू नये.

अंजिराचा चीकही जपून हाताळावा. तो कातडीला लागून ऊन बसले की फोड येतात. पाने तोडताना हात झाकावेत, मग साबणाने धुवावेत.

आठवड्यातून एकदा, सकाळी, चार पाने उलटून पाहावीत. हे काम शाळकरी मुलामुलींकडे द्यावे. काय दिसले ते वहीत लिहायला सांगावे. झाड वाचेलच, शिवाय कारण शोधण्याची सवय मुलांना जन्मभर पुरेल.