सहा इंची मावळ्याला चिलखत

दिवाळीत पुण्याच्या विश्रांतवाडीतल्या किल्ल्यांवर मातीचे मावळे उभे राहतात. हातपाय वळणाऱ्या बाहुल्याला चिलखत चढवायचं तर काम वेगळं. सहा फुटी माणसाचा सहा इंची बाहुला, म्हणजे प्रमाण १:१२. खऱ्या साखळी-चिलखतातली नऊ मिलिमीटरची कडी इथे पाऊण मिलिमीटरची होते. तेव्हा कड्या ओवायचा हट्ट सोडावा. जाळीदार कापड काळं रंगवून त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशाने चंदेरी रंग फिरवला की पोलाद दिसतं. छातीच्या पत्र्याला दोन मिलिमीटरची फोम शीट पुरते. माप घेताना बाहुल्यावर पातळ प्लास्टिक आणि वर चिकटपट्टी गुंडाळा, रेघा मारून कापा, सपाट करा. खांदे-कोपर मोकळे ठेवा, नाहीतर तलवार उचलणार कशी? आणि आधी राजा दिनकर केळकर संग्रहालयातली खरी चिलखतं बघून या.