मधल्या पाठीचे दुखणे : आधी निदान, मग सुई

उसाच्या मोळ्या वाहणारा तोडकरी, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारा हमाल, दिवसभर वाकून भांगलण करणारी बाई, पाठ धरली की सगळ्यांची मागणी एकच असते, "डॉक्टर, जोरकस सुई मारा, उद्या कामावर जायचंय." ही जोरकस सुई पुष्कळदा स्टेरॉइडची असते. म्हणून तिच्याविषयी चार गोष्टी समजून घेऊ.

१९४८ साली अमेरिकेतील डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णांवर कॉर्टिझोन वापरले आणि १९५० मध्ये त्यांना आणखी दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. औषध गुणकारी आहे यात शंका नाही. मात्र ते सूज आणि दाह कमी करते; दुखण्याचे मूळ कारण काढून टाकत नाही.

मानेखालच्या भागात १२ मणके असतात आणि त्यांना बरगड्या जोडलेल्या असतात. त्यामुळे हा भाग फारसा हलत नाही आणि कमरेच्या मानाने येथील चकती सरकण्याचे प्रमाण कमी असते. साधी स्नायूंची ओढाताण काही आठवड्यांत शेक, थोडी विश्रांती आणि हलक्या व्यायामाने बरी होते. दुखणे त्यापुढेही रेंगाळले, तर दुसरे कारण शोधलेच पाहिजे. उतारवयात हाडे ठिसूळ होऊन मणका दबतो. कर्करोग मणक्यात पसरू शकतो. नागीण उठण्यापूर्वी काही दिवस पाठ दुखते. हृदय, पित्ताशय आणि स्वादुपिंड यांच्या कळाही पाठीत येतात.

आपल्याकडे विशेष ध्यानात ठेवायचा आजार म्हणजे मणक्याचा क्षय. सांगली आणि मिरज यांच्या मधल्या वानलेसवाडीला क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाचा इतिहास आहे. पण क्षय इतिहासजमा झालेला नाही. तो मणक्यात शिरला तर बहुधा मधल्या पाठीत किंवा तिच्या थोडा खाली. अशा वेळी केवळ दुखते म्हणून स्टेरॉइड घेत राहिल्यास वेदना झाकली जाते, प्रतिकारशक्ती घटते आणि आत मणका पोखरत राहतो. येथे मज्जारज्जूभोवतीची जागा अरुंद असते. दाब वाढला की पाय लुळे पडतात. वेळेवर निदान झाले तर हाच रोग औषधांनी बरा होतो, आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

मग स्टेरॉइडची सुई कधी घ्यावी? एमआरआयमध्ये चकतीचा शिरेवर दाब दिसतो आणि कळ बरगडीच्या रेषेने पुढे येते, किंवा मणक्यांच्या लहान सांध्यांत दाह आहे, अशा निवडक रुग्णांना तिचा उपयोग होतो. पण ही कुल्ल्यावर देण्याची सुई नव्हे. ती शस्त्रक्रियागृहात, एक्स-रेच्या पडद्यावर जागा पाहून, तज्ज्ञानेच द्यायची असते. आराम काही आठवडे ते काही महिने टिकतो. तेवढ्या अवधीत व्यायामाने पाठ बळकट करायची असते.

धोके विरळ असले तरी गंभीर आहेत. २०१२ मध्ये अमेरिकेत बुरशीने दूषित झालेल्या स्टेरॉइडच्या सुयांमुळे साडेसातशेवर लोक आजारी पडले आणि साठाहून अधिक दगावले. २०१४ मध्ये तेथील औषध प्रशासनाने पाठीच्या कण्यातील अशा सुयांनी क्वचित पक्षाघात, अंधत्व किंवा मृत्यूही संभवतो, असा इशारा दिला.

सुईपूर्वी मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ताप, गरोदरपण आणि आधी घेतलेली स्टेरॉइडे यांची माहिती डॉक्टरांना जरूर द्या. मधुमेहींची साखर सुईनंतर काही दिवस चढते. ती तपासत राहा.

रात्री झोपमोड करणारे दुखणे, बारीक ताप, घटते वजन, पडल्यानंतर म्हाताऱ्या माणसाची दुखरी पाठ, यांपैकी काहीही असेल तर सुईचा आग्रह धरू नका. आधी तपासणी करून घ्या. पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. छातीत दडपण आणि घाम यांसह पाठ दुखू लागली, तर तासाभराचाही उशीर नको. कामाचा एक खाडा भरून काढता येतो. गेलेले पाय परत मिळतीलच असे नाही.