शुक्रवारचा शुक्र

रियाधला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणून वाईला आजोबांना फोन दर शुक्रवारी. पण अलीकडे नऊ वर्षांच्या आमच्या चिरंजीवांचं फोनवरचं बोलणं 'हो', 'बरं', 'जेवलो' एवढ्यावर आलं होतं. मराठी कळतं, पण बोलायला विषयच नसायचा. फोन ठेवला की माझेच बाबा हिरमुसले असतील, असं वाटत राहायचं.

१७ जानेवारी २०२५, शुक्रवार. चहाचा थर्मास घेऊन आम्ही शहराबाहेर वाळवंटात गेलो होतो. संध्याकाळचे साडेसहा, म्हणजे वाईत नऊ. पश्चिमेला शुक्र झगमगत होता, त्याच्याजवळच फिकट शनी. पूर्वेकडे बराच वर गुरू आणि खाली तांबूस मंगळ. फोन लावला, तर आजोबाही अंगणातच!

"गुरू दिसला का रे?"

"कोणाचे गुरू?"

त्याला 'ज्युपिटर' पाठ होता. दोघं एकाच ग्रहाकडे बघत होते आणि नावावर अडले होते!

मग आजोबांनी सुरुवात केली. शनीचं मूळ नाव शनैश्चर, म्हणजे हळूहळू चालणारा. सूर्याभोवती एका फेरीला त्याला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. म्हणजे एका राशीत अडीच वर्षं, तीन राशींत साडेसात. झाली साडेसाती! ज्या शब्दाला आपण घाबरतो, त्यात चक्क शनीचा वेग लपलेला आहे, हे इंजिनिअर होऊनही माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मंगळाचं जुनं नाव अंगारक, निखाऱ्यासारखा. तिथल्या मातीत गंजलेलं लोखंड आहे, म्हणून तो लाल. गुरू ग्रहांमध्ये सगळ्यात मोठा. त्याची फेरी जवळपास बारा वर्षांची. तो सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ!

"आणि युरेनस?" चिरंजीवांनी विचारलं. तो नुसत्या डोळ्यांनी सहज दिसत नाही, म्हणून जुन्या लोकांनी त्याला नाव दिलंच नव्हतं. १७८१ मध्ये विल्यम हर्शेल यांनी तो दुर्बिणीतून शोधला. त्यांना त्याला इंग्लंडच्या राजाचं नाव द्यायचं होतं. ते टिकलं नाही, पण आपल्या पंचांगात ग्रहाला शोधणाऱ्याचंच नाव मिळालं : हर्षल!

रविवारी ऑफिसला गेलो (हो, इथे आठवडा रविवारी सुरू होतो) आणि सौदी सहकाऱ्याला ग्रहांची नावं विचारली. बुध 'उतारिद', शुक्र 'झुहरा', मंगळ 'मिर्रीख', गुरू 'मुश्तरी', शनी 'झुहल'. पण अरबी वारांशी त्यांचा संबंध नाही. रविवार 'अल-अहद', म्हणजे पहिला. सोमवार 'अल-इस्नैन', दुसरा. असे गुरुवारपर्यंत आकडेच. तुमच्याकडे प्रत्येक वाराला आकाशातलं कोणीतरी आहे, याचं त्याला फार अप्रूप वाटलं. मलाही, खरं तर तेव्हाच वाटलं.

त्या शुक्रवारी फोन चांगला पाऊण तास चालला. वाईत शुक्र मावळतीला टेकला होता, आमच्याकडे अजून बराच वर होता. "आमचा झाला, आता तुम्ही बघा," आजोबा म्हणाले.

फोन ठेवण्याआधी चिरंजीवांनी हिशेब मांडला. मागचा सिंहस्थ २०१५ चा, पुढचा २०२६-२७ मध्ये. "२०२७ ला मी अकरा वर्षांचा. आणि त्याच्या पुढच्या वेळी तेवीस! आजोबा, तेव्हा तुम्ही किती वर्षांचे?"

"चौऱ्याऐंशी. ते पुढचं पुढे बघू. तू आधी सत्तावीसला ये."

सुट्टीचा अर्ज अजून दोन वर्षं करता येणार नाही. पण घरातल्या कॅलेंडरवर २०२५ च्या शेवटच्या पानाखाली त्याने पेन्सिलीने लिहून ठेवलंय : 'गुरू सिंहेत, आम्ही नाशकात.' व्याकरण मी सुधारलं नाही.